दोन भोवरे

चिखलीच्या दुकानात खुर्चीवर बसलं की दर वेळी एकच प्रश्न येतो, "सर, कसे कापू?"

दुकान चांगलं आहे. आत थंड हवा आहे, भिंतभर आरसा आहे, टॉवेल दर गिऱ्हाइकाला धुतलेला मिळतो. कापणाऱ्या मुलाचा हात हलका आहे, बोलणं अदबीचं आहे. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं, कारण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. उंद्रीत खुर्चीवर बसायचं, मान जरा खाली घालायची, पांढरं कापड गळ्याभोवती बसायचं, पाण्याचा फवारा उडायचा आणि कात्री बोलायला लागायची. माझे केस कसे कापायचे ते तिथल्या न्हाव्याला ठाऊक होतं. मला कधी ठाऊक असायची गरज पडली नाही.

"मीडियम," मी म्हणतो. तो मुलगा मनापासून मीडियम कापतो, आणि तिसऱ्या दिवशी टाळूच्या मागचे केस गवतासारखे उभे राहतात. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत, एकमेकांना खेटून, एक उजवीकडे वळणारा, दुसरा डावीकडे. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात असं आमच्याकडच्या बाया म्हणतात. माझं एकच झालं. पण केसांचं दोन भोवऱ्यांशी खरोखरच काही वेगळं नातं असतं. त्या जागी केस दोन बोटं लांब ठेवावे लागतात, म्हणजे स्वतःच्या वजनानं ते झोपतात. हे मला आत्ता, तीन वर्षं उभ्या केसांनी हिंडल्यावर कळलं. उंद्रीतल्या त्या माणसाच्या बोटांना ते तीस वर्षांपासून कळलेलं होतं.

उंद्री म्हणजे चिखलीहून खामगावकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. पुण्याजवळच्या उंड्रीचा याच्याशी संबंध नाही; बाहेरगावी नाव सांगितलं की पहिल्यांदा एवढं सांगावंच लागतं. सोयाबीन, तूर, हरभरा आणि एसटीची वाट बघणारी माणसं, असं हे गाव आहे. न्हाव्याचं दुकान रस्त्याच्या कडेला, टिनाच्या शेडमध्ये. दोन खुर्च्या, त्यातली एकच कामाची. दुसरीवर पेपर आणि टॉवेल. भिंतीवर सेना महाराजांची तसबीर, तिच्या शेजारी जिवा महालांची. होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे त्या तसबिरीखाली लिहायची त्याला गरज वाटली नव्हती. गावातल्या पोराटोरांना ते पाठ आहे. आणि तिसऱ्या खिळ्याला कातड्याची जुनी धोकटी लटकलेली, त्याच्या वडिलांची. ते ती खाकेत मारून घरोघर फिरायचे, लिंबाखाली पोत्यावर बसून डोई करायचे आणि सुगीत खळ्यावरून बलुतं घेऊन जायचे. माझं जावळ त्यांनीच काढलं, मामाच्या मांडीवर. नंतर मुलगा रस्त्यावर दुकान घालून बसला. ज्वारीच्या पायलीऐवजी रोकड आली, घरोघर जाणं थांबलं, आणि ज्याला त्याला बाकावर बसून आपला नंबर येईपर्यंत थांबावं लागू लागलं.

त्या बाकावर मी किती बसलोय! अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी तिथं उभं राहायला जागा नसायची, कारण भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पावसाचं काय निघालं, कपाशी कशी, तूर कशी, याचा निकाल आधी तिथं यायचा आणि मग घरी जायचा. सैलानीच्या यात्रेला कोण गेलं, कुणाच्या पोरीची सोयरीक मोडली, सोयाबीनला चिखलीत काय भाव फुटला, सगळं. तो स्वतः फार बोलायचा नाही. कात्री चालू ठेवून ऐकायचा. मध्येच कात्री केसांपासून उचलून हवेत दोन वेळा कच् कच् वाजवायचा, तेवढंच त्याचं मत.

नाना, म्हणजे माझे वडील, एक दिवसाआड दाढीला त्याच्याकडं जायचे. घरी वस्तरा होता, आरसा होता, पण घरी दाढी करणं त्यांना दाढी वाटायचं नाही. साबणाचा फेस, मग वस्तरा, मग तुरटीचा खडा, मग गालावर थंड पाण्याची थाप. एवढं झालं की त्यांचा दिवस उगवायचा. पैसे रोज द्यायचे नाहीत. खातं होतं. महिना संपला की मी जाऊन चुकते करायचो.

२५ मार्च २०२०ला सगळं बंद झालं. त्याचं शटरही पडलं. २८ जूनला सरकारनं दुकानं उघडायची परवानगी दिली ती सुरुवातीला केस कापायला. दाढीला मुभा नव्हती. त्या तीन महिन्यांत नानांचे केस मीच कापले, मागच्या अंगणात, शिलाईच्या कात्रीनं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की नानांच्याही डोक्यात दोन भोवरे आहेत, माझ्याच जागी. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या मागे मागे शेतात गेलो, त्याचं डोकं मी कधी वरून पाहिलं नव्हतं. न्हाव्यानं ते नेहमी पाहिलेलं होतं.

त्या दिवसांत कुणालाच आज वार कोणता ते आठवत नव्हतं. नाना विचारायचे, आज काय वार? आम्ही मोबाइल बघून सांगायचो. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे, पुन्हा सांगायचो. सगळ्यांचंच तसं झालं होतं, म्हणून त्यांचं वेगळं काही होतंय हे आम्हाला दिसलं नाही. मग शाळा उघडली, मी पहाटेच्या गाडीनं चिखलीला जायला लागलो, संध्याकाळी परतायला लागलो, आणि नाना, "जरा दुकानात बसून येतो," म्हणत दिवसभर कुठं असायचे ते मला माहीत होतं. माहीत होतं, म्हणून काळजी नव्हती.

२०२२च्या जानेवारीत ते गेले. रात्री झोपेत. दहाव्याला नदीवर माझं डोकं त्यानंच केलं. थंडीचं पाणी, मी उघडा, आणि त्याचा हात माझ्या टाळूवर. त्यानं भोवऱ्यांपाशी वस्तरा जरा थांबवला, मला जाणवलं. काही बोलला नाही. तेराव्यानंतर मी नानांचं खातं चुकतं करायला गेलो. त्यानं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर केलेला हिशोब माझ्या हातात दिला, मी तो न वाचता खिशात घातला, पैसे मोजले आणि आलो.

मे महिन्यात केस पुन्हा कापण्याजोगे झाले. मुंडणानंतरची पहिली कटिंग. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती, बाकावर पाच-सहा जण होते. डावी बाजू कापून झाली होती. कुणीतरी नानांचा विषय काढला, चांगल्या शब्दांतच काढला. आणि एरवी न बोलणारा तो बोलायला लागला.

"नाना शेवटी शेवटी दिवसातून दोनदा यायचे," तो म्हणाला. "सकाळी दाढी करून गेले का दुपारी पुन्हा हजर. म्हणायचे, आज दाढी राह्यली रे. मंग मी काय करू? बसवायचो. फेस करायचो. वस्तऱ्यातलं ब्लेड काढून ठेवायचो आन् तसाच फिरवायचो. तुरटी लावली का उठायचे, खुश."

बाकावर कुणीतरी हसलं.

मी उठलो. गळ्यातलं कापड ओढून काढलं, केस सगळीकडं उडाले. "आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडून धंदा करता का?" मी म्हणालो. हेच शब्द. शंभराची नोट आरशाखालच्या फळीवर टाकली. हसणारा तर दुसराच होता. पण मी बोललो ते त्याला. त्याच्या एका हातात कंगवा, एका हातात कात्री, दोन्ही हवेत थांबलेले. तो एवढंच म्हणाला, "सर, भोवऱ्यापाशी राह्यलंय."

उजवी बाजू दुसऱ्या दिवशी चिखलीत कापून घेतली.

त्या वेळी मला वाटलं, आपल्या बापाचं हसं झालं. आपले नाना, ज्यांनी उभ्या गावाचे हिशोब तोंडपाठ ठेवले, त्यांना एका खुर्चीवर बिनब्लेडच्या वस्तऱ्यानं फसवलं गेलं आणि वर ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली गेली. माझा राग खरा होता. आजही तो राग मला खोटा वाटत नाही. बाप जाऊन चार महिने झालेल्या माणसासमोर ती गोष्ट भर दुकानात निघायला नको होती. पण त्या रागाच्या पोटात दुसरं काहीतरी होतं, आणि ते मला तेव्हा सोसलं नसतं: नाना विसरायला लागलेत हे गावात पहिल्यांदा कळलं ते न्हाव्याला. मला कळलं नव्हतं.

छोट्या गावात न्हाव्याशी अबोला धरणं म्हणजे काय असतं ते शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. किराणा दुसरीकडून आणला तर कुणाला दिसत नाही. कापलेले केस मात्र डोक्यावर घेऊनच हिंडावं लागतं. गाडी धरायला त्याच्या दुकानासमोरूनच जावं लागतं. तो शटर उघडत असायचा, पाणी मारत असायचा. नजर द्यायचा नाही, पण माझ्या डोक्यावर दुसऱ्याची कात्री फिरलेली त्याला दिसतेय, कुठं आखूड झालंय, कुठं कल्ला वरखाली गेलाय हे त्याला लांबूनही वाचता येतंय, हे मला मानेवर जाणवायचं. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायला लागलो. तीन वर्षं पलीकडच्या बाजूनं गेलो.

मागच्या दिवाळीत माळा झाडताना नानांच्या चष्म्याची डबी सापडली. आत चष्मा होता आणि कॅलेंडरचं घडी घातलेलं पान. मी कधी तिथं ठेवलं ते आठवत नाही. त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नाही. पान उघडलं. त्याच्या हातच्या उभ्या रेघा होत्या, तारखेसमोर रेघ. एक दिवसाआड एक. एक, तीन, पाच, सात. शेवटपर्यंत एक दिवसाआड. डिसेंबरचे दिवस, नाना ज्या महिन्यात त्याच्या म्हणण्याप्रमाणे दिवसातून दोनदा जात होते, त्या महिन्यात रेघा सोळा. एकही जादा नाही.

मी ते पान घेऊन माळ्यावरच बसलो. दुपारच्या दाढीचा फेस त्यानं केला होता, गरम पाणी घेतलं होतं, गिऱ्हाईक बाकावर थांबवलं होतं, तुरटी लावली होती. वस्तरा फिरवताना ब्लेड काढून ठेवलं होतं, कारण सकाळी दाढी झालेल्या म्हाताऱ्या गालावर पुन्हा ब्लेड फिरलं तर कातडी सोलवटते. हे फसवणं नव्हतं. दोन तासांपूर्वीचं हरवून बसलेल्या माणसाला तो त्याची सकाळ पुन्हा उगवून देत होता, आणि ती हिशोबात धरत नव्हता. नाना हयात असताना हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. बाकावर बसणाऱ्या गावभरच्या तोंडांसमोर, जिथं सोयरिकी मोडलेल्या दुसऱ्या दिवशी कळतात, तिथं ही गोष्ट त्यानं त्यांच्या मरणापर्यंत झाकून ठेवली.

मी त्याला म्हणालो होतो, धंदा करता का.

त्या शब्दावर मी मग पुष्कळ विचार केला. नाना सेना महाराजांची कथा सांगायचे. बांधवगडच्या राजाकडून बोलावणं आलेलं, सेना महाराज पूजेत रमलेले, राजा संतापलेला. आणि तेवढ्यात देव स्वतःच धोकटी घेऊन सेनाच्या रूपात राजाकडं जातो, त्याची दाढी करतो, डोक्याला तेल चोळतो, आणि तेलाच्या वाटीत राजाला देवाचं रूप दिसतं. नाना ही कथा सांगताना राजावरच थांबायचे. न्हाव्यावर चिडलेला माणूस वाटीत बघतो आणि त्याचा राग कुठं जातो ते त्यालाच कळत नाही, असं म्हणायचे. सेना महाराजांची वाणी महाराष्ट्रात अभंगांत आहे आणि तिकडं गुरू ग्रंथसाहिबातही त्यांच्या नावाचं एक पद आहे. आपल्या कामातल्याच आरशाला विवेक आणि चिमट्याला वैराग्य म्हणणारा हा संत. धंदा हा शब्द त्या तसबिरीखाली उभं राहून मी शिवीसारखा वापरला होता.

१८९०मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा फिरवणार नाही असं त्यांनी ठरवलं. लोखंडे हे जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मी हे वर्गात शिकवतो. त्या न्हाव्यांनी धंदा बुडवून घेतला होता. कुणाच्या डोक्यावरून कधी वस्तरा फिरवायचा नाही हे कळणं, हीसुद्धा त्याच हातांची विद्या. ब्लेड काढून ठेवणारा हात मला आता त्यांच्याच रांगेत दिसतो.

आणि वर्गातच दुसरंही शिकवतो. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते, पण अस्पृश्यांच्या केसांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. हे वाचताना माझं लक्ष आता नेहमी त्या बाकाकडं जातं. रुसून उठून जायला आधी तिथं बसायला मिळालेलं असावं लागतं. ते मला जन्मतः मिळालं, मामाच्या मांडीवर, आणि मी ते गृहीत धरलं. आज आमच्या दुकानात ज्याचा नंबर त्याचीच खुर्ची असते. ते सहज आलेलं नाही.

दिवाळीत पान सापडलं तरी मला जायला श्रावण उजाडला. मध्ये कितीदा निघालो. एकदा दुकानासमोर गाडीची वाट बघत पंधरा मिनिटं उभा राहिलो, गाडी आली, बसून गेलो. माफी कशी मागायची ते ठरत नव्हतं. बाकावर माणसं असताना बोललो होतो, तर बाकावर माणसं असतानाच बोलायला हवं, हे कळत होतं. पण मग पुन्हा नानांचा विषय निघणार, आणि या वेळी मला तो निघायला हवा होता. खरं सांगायचं तर मला माफी मागण्याहून जास्त ते ऐकायचं होतं. दुपारी येऊन बसले की नाना काय बोलायचे? फेस लागल्यावर डोळे मिटायचे का? माझं नाव काढायचे का? शेवटच्या वर्षातल्या नानांच्या सगळ्या दुपारी त्या माणसाकडं आहेत. आमच्या घरात त्यांच्या फक्त रात्री आहेत.

श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी झाली, दुकान बंद होतं, आत तसबिरीला हार दिसला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात बैलांचे खांदे शेकत होते, लोणी-हळद लावत होते, आणि म्हातारा बैलांना म्हणत होता, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यावर आधी हात फिरवायचा आणि मग आवतन द्यायचं. मला कुणी आवतन देणार नव्हतं, आणि तसं मागायचा हक्कही मी ठेवला नव्हता.

पोळ्याच्या सकाळी सहा वाजता गेलो. माझ्या आधी आठ जण होते; पोळ्याला गावात प्रत्येकाला डोकं नीट हवं असतं. मी बाकाच्या टोकाला बसलो. खिशात कॅलेंडरचं पान होतं. आरशात त्यानं मला पाहिलं असणार. खुर्चीवरच्या पोराची मान हलली नाही, कात्री मात्र क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. टिनावर पाऊस वाजत होता. बाकावर बोलणं थोडं कमी झालं. पुढं बसलेला एक तरुण पोरगा, माझा विद्यार्थीच, उठून म्हणाला, "सर, तुमी बसा माह्या जागी, मले घाई नाई."

मी नको म्हणायच्या आत तिकडून आवाज आला. त्यानं वळून पाहिलं नव्हतं.

"बस रे तू. सरायचा नंबर आला का घेतो मी त्यायले. त्यायच्या डोक्याले येळ लागते."